हाल्ट्याची खाज आणि आमचे भाऊ

वर्धा नदीपासून निघून थेट वैनगंगेपर्यंत गेलात आणि वाटेतल्या प्रत्येक गावात चौकशी केलीत, तरी आमच्या भाऊंइतका अस्वस्थ माणूस तुम्हाला दुसरा भेटायचा नाही. भाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे, पण मी पडलो घरचा जवाई, त्यामुळे ते मला अहोजाहो करतात आणि त्याच आदरानं वाट्टेल ती कामं सांगतात. राहतात भद्रावतीला, एकटेच. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. लोक म्हणतात, उभा जन्म चालत्या गाडीत गेला म्हणून त्यांना थांबलेली जमीन सोसत नाही. मला हे पटत नाही. माझ्या ओळखीत आणखीही कंडक्टर आहेत, आणि निवृत्तीनंतर ते ओट्यावर अशी काही बैठक मारतात की घरच्यांना त्यांच्याभोवतीनं झाडून घ्यावं लागतं. भाऊंचा रोग मुळातला आहे. सासूबाई सांगायच्या की हा पोरगा पाळण्यातही एका कुशीवर राहिला नाही.

मी स्वतः बसणारा माणूस. चांगली खुर्ची मिळाली तर माझी कशाबद्दल तक्रार नसते. त्यामुळे भाऊ आमच्या चंद्रपूरच्या घरी आले की मला आधी दम लागतो. ते दारातून आत येतात, उभ्यानं पाणी पितात, खिडकीची कडी हलवून बघतात, पंख्याचा आवाज ऐकून नापसंतीनं मान हलवतात, आणि बायकोनं चहा टाकला की "आलोच" म्हणून बाहेर पडतात. मग तासाभरानं भद्रावतीहून फोन येतो, चहा कसा झाला होता म्हणून. टीव्हीवरच्या बातम्या ते उभ्यानं ऐकतात आणि मंत्र्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत निघून जातात, त्यामुळे सरकारनं काहीतरी करायचं ठरवलंय एवढंच त्यांना कायम माहीत असतं. लग्नाला गेले तर मंगलगाथा, म्हणजे आम्हा बौद्धांची मंगलाष्टकं, सुरू होण्याआधी जेवून मोकळे. नवऱ्या मुलाच्या हातात आहेराचं पाकीट कोंबताना तो अजून अंगात सदरा घालत असतो.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही तेही याच पायी. राजुऱ्याला मुलगी पाहायला गेले होते. माणसं चांगली, मुलगी शिकलेली. बोलणी रंगात आली असताना भाऊ उठले आणि घरामागच्या विहिरीचा रहाट कुरकुरतो का ते ओढून पाहायला गेले. मुलीनं पोह्यांची बशी आणून ठेवली ती रिकाम्या खुर्चीपुढे. मुलीच्या बापानं निरोप पाठवला की माणूस भला आहे, पण थांबणाऱ्यातला दिसत नाही. पुढे आणखी एकदोन ठिकाणी असंच झालं आणि मग विचारणारे थकले. भाऊंना याचं वाईट वाटलं की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही, कारण ते विचारायला भाऊ एका जागी सापडायला हवे होते.

ते सापडले ते हाल्ट्यामुळे. नोकरीच्या अखेरच्या दिवसांत भाऊंना एटापल्लीची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी पोचायची, रात्रभर तिथंच राहायची आणि उजाडताना परत निघायची. अशाच एका सकाळी आलापल्लीचं जंगल मागे पडल्यावर कंडक्टरच्या सीटखालून कुईकुई ऐकू आली. पाहतात तर तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला, असं पिल्लू. गाडी माघारी वळवणं शक्य नव्हतं. एसटीत मुक्कामाला हाल्ट म्हणतात, म्हणून पिल्लाचं नाव हाल्ट्या पडलं. आणि मग भद्रावतीहून अशी बातमी आली की माझ्या बायकोनं हातातली भाजी तशीच टाकली. भाऊ बसतात. हाल्ट्या मांडीला टेकून झोपला की तो उठेपर्यंत भाऊ हलत नाहीत. आम्ही खास ते पाहायला गेलो. खरोखरच भाऊ ओट्यावर बसले होते, आणि आम्हाला तोंडावर बोट ठेवून गप्प राहायची खूण करत होते. परतताना बायको गाडीत डोळे पुसत होती. मीही दुसरीकडे पाहत होतो, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून हाल्ट्याला खाज सुटली तेव्हा आमच्या घरात खरी काळजी कुत्र्याची नव्हती. कुत्रा हातचा गेला असता तर भाऊ पुन्हा चालू लागले असते, आणि या वयात एकदा निघालेला माणूस कुठे जाऊन थांबेल ते सांगता येत नाही.

खाज साधीसुधी नव्हती. हाल्ट्या पुढचे पंजे तासन्‌तास चाटायचा, चाटून चाटून ते तपकिरी झाले होते. कानातून वास यायचा. पोट आणि काखा लालभडक. मग तिथली कातडी काळी पडून जाड झाली. चालता चालता तो मधेच थांबून भिंतीला अंग घासायचा. भाऊ त्याला घेऊन भद्रावतीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर गाईबैलांचे, शांत गृहस्थ. त्यांनी खरूज तपासली, पिसवा शोधल्या, गोचिडांचं औषध दिलं, खाणं बदलून पाहिलं, आणि यातलं काही नाही म्हटल्यावर सांगितलं की ही आजूबाजूच्या कशाची तरी ॲलर्जी आहे. घरातली धूळ असेल, धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात ते असतील, ओलीची बुरशी असेल, गवताचे पराग असतील, गाजरगवत असेल, झुरळंसुद्धा असतील. यातलं काहीही असू शकतं. आता आमच्या भाऊंना "काहीही असू शकतं" असं सांगणं म्हणजे दावं तुटलेल्या वासराला उघडं फाटक दाखवणं. डॉक्टरांना बिचाऱ्यांना हे माहीत नव्हतं.

पहिला नंबर गाजरगवताचा लागला. भाऊंनी आपलं अंगण साफ केलं, मग शेजाऱ्याचं केलं, मग गल्ली, मग पुढची गल्ली, आणि एका सकाळी ते स्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत गाजरगवत उपटताना दिसले. तिथून ते पुढे गावाच्या वेशीपर्यंत जाणार होते, पण त्यांच्याच दोन्ही हातांवर पुरळ उठलं. डॉक्टरांकडे ओळीत पुढे भाऊ आणि मागे हाल्ट्या, दोघेही खाजवतायत, असं दृश्य लोकांनी पाहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, मी फक्त एकाला तपासू शकतो.

मग धूळ. भद्रावतीत धूळ काढायची म्हणजे बघा. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक, वर ऊन. डॉक्टरांनी समजावलं की कोळशाची भुकटी वेगळी आणि ॲलर्जीची धूळ वेगळी, ती घरातलीच असते, गादीत, उशीत, पडद्यात. भाऊंनी दोन्ही धुळींविरुद्ध एकदमच युद्ध पुकारलं. गाद्या गच्चीवर गेल्या आणि खाली आल्याच नाहीत. पडदे गेले. गालिचा शेजारणीला देऊन टाकला. मी दारात पाय ठेवला तर "थांबा जवाई" म्हणून त्यांनी मला ओल्या फडक्यानं खांद्यापासून खाली पुसलं, आणि मी आदरानं उभा राहिलो. बुद्धवंदनेच्या वेळची अगरबत्ती बंद झाली, नुसती मेणबत्ती उरली. माझ्या बायकोला पावडर लावून यायची मनाई झाली. तिनं विचारलं, मग मी काऊन यावं? भाऊंनी खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या आणि कूलर दिवसरात्र सुरू ठेवला. धूळ थांबली, पण त्या दमट हवेत भिंतीला बुरशी चढली, कूलरच्या गवताला बुरशी चढली, आणि हाल्ट्याच्या कानाचा वास ओट्यापर्यंत येऊ लागला. चादरी सुटल्या. कूलरही अंगणात आला. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात कूलर घराबाहेर काढून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गावानंही आपापल्या परीनं मदत केली. कोणी कडूनिंबाच्या पाल्याचं पाणी सांगितलं, कोणी करंजाचं तेल. भाऊंनी करंजाचं तेल हाल्ट्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोपडलं. तो तसाच जाऊन चुलीच्या राखेत लोळला, आणि दिवसभर त्याला घरचा कुत्रा म्हणून कोणी ओळखेना.

शेवटी डॉक्टरांनी सहज म्हटलं, याला थोडे दिवस दुसऱ्या गावी ठेवून बघा. तिथे बरा झाला तर दोष तुमच्या घरात, नाही झाला तर आणखी शोधू. भाऊंना हे एकदम पटलं. दुसरं गाव म्हणजे एटापल्लीच. जन्मगावची हवा, आणि तिथे त्यांच्या गाडीवरचे एक जुने ड्रायव्हर राहतात, भाऊंसारखेच निवृत्त. गाडी अर्थातच माझी. मोहाचा हंगाम होता. आष्टीच्या पुढे जंगलात मोहाचा वास भरून राहिला होता, आणि भाऊ मागच्या सीटवर बसून हाल्ट्याच्या नाकावर हात धरत होते, पराग जाऊ नयेत म्हणून. ड्रायव्हरांच्या घरी हाल्ट्याला ओसरीत जागा केली. निघायची वेळ आली तेव्हा भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घामानं मळलेला, रोजच्या वापरातला, आणि हाल्ट्याच्या खाली अंथरला. आमच्याकडे बाया तान्हं लेकरू दुसऱ्याच्या हवाली करून कामाला जातात तेव्हा आपलं वापरातलं लुगडं त्याच्याजवळ ठेवतात. वासानं लेकराला वाटतं, माय इथंच आहे. मला ते अगदी बरोबर वाटलं. ड्रायव्हरांच्या बायकोनंही म्हटलं, बरं केलं भाऊ.

चार दिवसांनी ड्रायव्हरांचा फोन आला. पोरगं खाते, पिते, दुपट्ट्यावरून उठत नाही, पण खाजवून राह्यलं तसंच. पंजे चाटून ओले. भाऊंनी मला फोन केला, आणि ते प्रथमच पूर्ण वाक्यं बोलले. दोष नुसता घरात नाही, एटापल्लीतही आहे, म्हणजे तो झाडांत आहे, मोहात आहे, सागात आहे, हवेतच आहे. आता हवा कुठून बदलून आणायची ते सांगा, जवाई. आम्ही जाऊन हाल्ट्याला घेऊन आलो. दुपट्टा भाऊंनी झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

मग नागपूर. तिथे कुत्र्यांच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं. वयानं लहान, बोलायला स्पष्ट. त्यांनी सांगितलं की चाचणी करू, पण त्याआधी खाजेची औषधं काही आठवडे बंद ठेवावी लागतील, नाहीतर कातडी खरं बोलणार नाही. ते आठवडे भाऊंनी कसे काढले असतील ते मला विचारू नका. हाल्ट्या झोपेना आणि भाऊ त्याच्याजवळून हलेनात. चाचणीच्या दिवशी हाल्ट्याला गुंगीचं औषध देऊन आडवं केलं, एका बाजूचे केस काढले आणि कातडीत ओळीनं बारीक बारीक सुया टोचल्या. प्रत्येक सुईत एकेका गोष्टीचा अंश. ज्याचा त्रास असेल तिथे गांधी उठणार. तोवर थांबायचं होतं. मी खुर्ची शोधली. भाऊ हाल्ट्याच्या डोक्याशी उभे राहिले आणि जागचे हलले नाहीत.

गांधी उठल्या. बाईंनी बोटानं एकेक दाखवली. ही सगळ्यात मोठी, धुळीतल्या किड्यांची. ही हरळीच्या परागाची. ही बुरशीची. गाजरगवताची नाही उठली, मोहाचा तर प्रश्नच नाही. भाऊ मान हलवत होते. मग कडेच्या एका गांधीवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "आणि ही माणसाची."

भाऊंनी वाकून पाहिलं. "कोन्त्या माणसाची?"

"कुठल्याही. माणसाच्या कातडीचा कोंडा सारखा झडत असतो, आपल्याला दिसत नाही. कपड्यांत, अंथरुणात. काही कुत्र्यांना तोही मानवत नाही."

भाऊ सरळ उभे राहिले. त्यांचा हात आपोआप खांद्यावर गेला आणि तिथला दुपट्टा त्यांनी धरला. मला काय आठवलं तेच त्यांना आठवलं होतं. "दुपट्टा मीच दिलो जवाई," ते म्हणाले, "एवढ्या दूर जंगलात नेऊन ठेवलो, अन सोबत मीच दिलो."

बाईंनी पुष्कळ समजावलं. माणसाची गांधी लहान आहे, किड्यांची मोठी आहे. हे बरं होऊन संपणारं दुखणं नव्हे, पण आटोक्यात राहतं. किडे, पराग आणि बुरशी यांचा थोडा थोडा डोस देऊन अंगाला सवय लावता येते. आठवड्याला औषधी साबणानं आंघोळ, अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, कुत्र्याला आपल्या बिछान्यात घ्यायचं नाही, एवढं पाळलं की पुरे. कुत्रा सोडून द्यायची काही गरज नाही. मी हे सगळं ऐकलं. भाऊंनी फक्त "माणसाची" एवढंच ऐकलं होतं.

परतताना भद्रावतीला न उतरता थेट चंद्रपूरला आमच्या घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की हाल्ट्या आता तुमच्याकडे. बायकोला रडू आणि राग एकदमच आला. "भाऊ, आमी काय झाडं हाओत का? आमीबी माणसंच हाओ. याले कुठीबी ठेवा, माणसापाशीच ठेवावं लागन ना." भाऊ हाल्ट्याला घेऊन भद्रावतीला गेले, आणि स्वतःलाच घरातून कमी करायच्या मागे लागले.

खाट अंगणात गेली. दिवसातून तीनदा आंघोळ, प्रत्येक आंघोळीला धुतलेले कपडे. अंगाला तेल, कोंडा उडू नये म्हणून. आणि एक दिवस त्यांनी डोक्याचा चकोट करून घेतला, भुवयांसकट करायला निघाले होते, न्हाव्यानंच ऐकलं नाही. त्यामुळे वस्तीत बातमी पसरली की भाऊ श्रामणेर झाले, म्हणजे भिक्खूंची पहिली दीक्षा घेतली. याचं कोणाला नवल वाटलं नाही. एकटा माणूस, अंगणात झोपतो, डोकं भादरलं, घरात गादी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाया भोजनदान घेऊन दारात उभ्या. पोळ्या, वरण, वांग्याची भाजी, वर खीर. भाऊ ओल्या अंगानं बाहेर आले आणि कुत्र्याला माणसाची ॲलर्जी कशी असते ते त्यांना समजावू लागले. बायांनी हात जोडून सगळं ऐकलं. त्यांना तो उपदेशच वाटला असावा. जेवण परत न्यायला मात्र कोणीच तयार झालं नाही.

परवा मी भद्रावतीला गेलो होतो. हाल्ट्याच्या पोटावर नवे केस आलेत, कानाचा वास गेलाय. संध्याकाळी एखादा पंजा चाटतो, तेवढंच. भाऊ अंगणातल्या स्टुलावर आणि हाल्ट्या ओसरीतल्या धुतलेल्या चटईवर, अशी मांडणी होती. ती फार वेळ टिकली नाही. हाल्ट्या उठून भाऊंकडे आला, भाऊ उठून नळाकडे गेले. हाल्ट्या नळाकडे, भाऊ फाटकाकडे. हाल्ट्या फाटकाकडे, भाऊ घराला वळसा घालून मागे. म्हणजे भाऊंचं चालणं पुन्हा सुरू झालं होतं, आणि आम्हाला ज्याची भीती वाटत होती तेच डोळ्यांसमोर होतं. फक्त आता त्यांच्या मागे कोणीतरी होतं. शेजाऱ्यांना याची सवय झाली आहे, कोणी मान वर करून बघत नाही. मी सांगून पाहिलं की एवढं करायला बाईंनी सांगितलेलं नाही. त्यांनी मान हलवली आणि ते चालत राहिले.

शेवटी दमून ते पायरीवर टेकले. हाल्ट्या आला, सगळं वजन त्यांच्या अंगावर टाकून बसला, मागच्या पायानं एकदा कान खाजवला आणि पुन्हा टेकला. भाऊंनी त्याला हातानं बाजूला सारलं. तो परत टेकला. मग भाऊंनी हात काढून घेतला. मी त्यांच्या शेजारी बसलो. ते फाटकाकडे पाहत होते.

"ह्याले माह्या तरास हाय, जवाई," ते म्हणाले. "डॉक्टरीनबाईनं दाखवलं, तुमीबी पाह्यलं. तरी हा उठून जात नाई." त्यांनी दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "मले तं कोनाचाच काई तरास नोता. तरी मी उठून जात होतो."

त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं मला फार वाटलं. पण मी घरचा जवाई आणि ते बायकोचे थोरले भाऊ, आमच्यात तशी पद्धत नाही. मी हाल्ट्याच्या पाठीवर ठेवला.